झाडावरून आलेला नकार

कामाच्या कागदावर दोनच ओळी होत्या. उजवीकडची मोठी फांदी खोडालगत काढावी आणि उरलेल्या झाडाचा घेर एकतृतीयांशाने कमी करावा. आठवडाभरापूर्वी कोणीतरी जमिनीवर उभे राहून, मान वर करून ते झाड पाहिले होते आणि त्या पाहणीतून या ओळी उतरल्या होत्या; त्यांच्यावर रक्कम ठरली होती आणि ग्राहकाची सहीही झाली होती. मी दोर लावून वर पोहोचलो, मुख्य बेचक्यात पाय टेकवले आणि लाकडी हातोडीने खोड ठोकून पाहिले, तेव्हा एका अंगाने भरीव आवाज आला आणि दुसऱ्या अंगाने रिकाम्या डब्यासारखा. बेचक्याच्या मागे, खालून कोणत्याही कोनातून न दिसणारी, हात कोपरापर्यंत आत जाईल एवढी ढोली होती. जी फांदी काढायला मला पाठवले होते ती नेमकी भरीव अंगाला होती. ती खोडालगत काढली असती तर झाडाच्या उरल्यासुरल्या धडधाकट लाकडातच मोठी जखम उघडी पडणार होती. उलट तिची टोके आखडून भार हलका केला असता तर ज्या कारणासाठी आम्हाला बोलावले होते ते कारणही मिटले असते. मी वरून तसे सांगितले. ठरले आहे तसेच करा, असे खालून उत्तर आले, आणि मी तसेच केले. सहा वर्षांनी त्याच झाडासाठी पुन्हा बोलावणे आले तेव्हा दोन्ही बाजूंची कूज आतल्या आत एकमेकींना मिळाली होती. कोणीही दोर बांधू नये अशी त्याची अवस्था होती आणि शेवटी ते क्रेन लावून बुंध्यापासून काढावे लागले.

ती फांदी कापणारा हात माझा होता आणि त्या झाडाची जबाबदारी मी दुसऱ्या कोणावर टाकत नाही. परंतु चार माणसांच्या एका छोट्या वृक्षसेवा कंपनीत चौदा वर्षे दोरावर काम केल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की असे प्रसंग एकट्या माणसाच्या धैर्यावर सोडून चालणार नाही. झाडावर चढलेल्या प्रशिक्षित माणसाने ‘थांबा’ किंवा ‘एवढे कापू नका’ असे म्हटले, तर तो शब्द करारानेच बंधनकारक केला पाहिजे. रस्त्याकडेची, शाळांतील, दवाखान्यांच्या आवारातील झाडे ज्यांच्या ताब्यात असतात त्या सार्वजनिक संस्थांनी तर या अटीशिवाय छाटणीचे एकही काम देऊ नये. ही मागणी चढणाऱ्यांच्या मानापानाची नाही. झाड आणि झाडाखालून जाणारी माणसे या दोघांशीही तिचा संबंध आहे, म्हणून ती सार्वजनिक प्रश्न म्हणून मांडतो आहे.

जमिनीवरून केलेली पाहणी निरुपयोगी असते असे मी म्हणत नाही. मुळांभोवतीची माती उचलली गेली आहे का, बुंध्याशी बुरशीची छत्रे उगवली आहेत का, पर्णसंभार एका बाजूने विरळ होत चालला आहे का, या गोष्टी खालूनच चांगल्या कळतात, आणि त्या न पाहता जो वर चढतो त्याने हा व्यवसाय करू नये. मात्र बेचक्यात दोन फांद्यांमध्ये साल दाबली जाऊन सांधा कच्चा राहिला आहे का, फांदीच्या वरच्या अंगावर लांब चीर गेली आहे का, जुन्या कापाच्या खुंटातून पाणी आत मुरते आहे का, ढोलीत पक्ष्याचे घरटे किंवा वटवाघळांची वस्ती आहे का, हे पंचवीस मीटर खाली उभ्या असलेल्या माणसाला दुर्बीण घेऊनही नीट दिसत नाही. शिवाय काही गोष्टी पाहण्याच्या नसतातच. फांदीवर हळूहळू वजन टाकताना ती किती वाकते आणि वाकून पुन्हा किती लवकर सरळ होते, करवतीच्या पहिल्या घावातून बाहेर पडणारा भुसा ओलसर व फिकट आहे की कोरडा आणि काळपट, हे अंगाला आणि हाताला समजते. हे ज्ञान केवळ वर गेलेल्या माणसाला आणि केवळ त्या वेळी मिळते. कामाचा तपशील मात्र त्याच्या कितीतरी आधी कायम होऊन बसलेला असतो.

या ज्ञानाला एवढे महत्त्व का द्यायचे, याचे उत्तर झाडाच्या शरीररचनेत आहे. माणसाची जखम भरते, कारण मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात. झाडाला ते जमत नाही. ते दुखावलेला भाग आतल्या आत कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेरून नवे लाकूड घडवत पुढे वाढते. अमेरिकेच्या वनखात्यात संशोधन करणारे अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे यांत्रिक करवतीने उभी चिरून ही प्रक्रिया डोळ्यांना दिसेल अशी मांडली आणि १९७७ मध्ये हॅरॉल्ड मार्क्स यांच्यासह तिचे चार ‘भिंतीं’चे प्रारूप प्रसिद्ध केले. लाकडातील उभ्या वाहिन्या बुजवून होणारी पहिली भिंत सर्वांत कच्ची, म्हणून कूज वर आणि खाली सर्वांत वेगाने पसरते. दुसरी भिंत कुजीला गाभ्याकडे जाऊ देत नाही, तिसरी बाजूला पसरू देत नाही, आणि जखम झाल्यानंतर झाड जी चौथी भिंत बांधते ती नंतर वाढणाऱ्या नव्या लाकडाला जुन्या लाकडापासून वेगळे राखते. त्या मांडणीनंतर आमच्या कामातील बऱ्याच जुन्या सवयी चुकीच्या ठरल्या. फांदी खोडाला लगटून गुळगुळीत कापण्याची पद्धत त्यांतलीच. फांदीच्या बुडाशी जो फुगीर वळा असतो त्यातच झाडाची संरक्षणव्यवस्था असते. त्या वळ्याला धक्का न लावता, त्याच्या जरा बाहेर काप घेतला तर झाड जखम बंद करू शकते. वळा उडवला तर कूज सरळ खोडात उतरते. जखमेवर डांबर किंवा रंग फासण्याने कूज थांबत नाही, हेही त्याच अभ्यासातून पुढे आले. म्हणजे एका फांदीच्या बाबतीत काप दोन बोटे आत घ्यायचा की बाहेर, यावर त्या झाडाची पुढची वीस-तीस वर्षे ठरू शकतात, आणि तो निर्णय ज्याच्या हातात करवत आहे तोच घेत असतो. मग फांदी काढायची की ठेवायची, या त्याहून मोठ्या निर्णयात त्याला आवाजच नसावा, हे मला तर्काला सोडून वाटते.

पोकळ झाड म्हणजे धोकादायक झाड, हा खालून होणारा आणखी एक ढोबळ हिशेब आहे. खोड गोल आहे आणि पोकळी मधोमध आहे असे धरले, तर व्यासाच्या निम्मी पोकळी असलेले खोड भरीव खोडाच्या तुलनेत वाकण्याला विरोध करण्याची जेमतेम ६ टक्के ताकद गमावते, आणि ७० टक्के पोकळी असलेले खोड सुमारे २४ टक्के. कारण हा तोटा पोकळीचा व्यास आणि खोडाचा व्यास यांच्या गुणोत्तराच्या चौथ्या घाताने ठरतो. जर्मनीतील अभ्यासक क्लाउस मॅटहेक यांनी उरलेल्या भिंतीची जाडी त्रिज्येच्या साधारण ३० टक्क्यांखाली जाऊ लागली की सावध व्हावे असा जो ठोकताळा मांडला, तो याच सुमाराचा आहे. अर्थात प्रत्यक्षातील खोडे अशी सुबक नळीसारखी नसतात. पोकळी एका कडेला सरकलेली असते, तिला बाहेर उघडणारे तोंड असते, कुठे चीर असते. आणि झाडाची उंची व वारा झेलणारा पर्णसंभार या गोष्टी त्या आकड्यात येतच नाहीत, म्हणून त्या ठोकताळ्यावर अभ्यासकांत वादही झाले आहेत. तरीही त्यातून एवढे निश्चित कळते की ‘पोकळ आहे, काढून टाका’ आणि ‘हिरवे आहे, काही होत नाही’ ही दोन्ही वाक्ये सारखीच आंधळी आहेत. दोन्ही मी जमिनीवरून असंख्य वेळा ऐकली आहेत.

आता पैशाकडे येतो, कारण चुकीच्या कापांचे मूळ बहुतेक वेळा अज्ञानात नसून कामाचे मोल ठरवण्याच्या रीतीत असते. चांगली छाटणी झालेले झाड न छाटल्यासारखे दिसते. वाळलेल्या फांद्या गेलेल्या असतात, एकमेकींवर घासणाऱ्या दोन फांद्यांपैकी एक गेलेली असते, छपरावर झुकलेल्या फांदीचे टोक एखाद्या आतल्या उपफांदीपर्यंत मागे घेतलेले असते, आणि झाडाचा आकार जसाच्या तसा असतो. एका हंगामात जिवंत पर्णसंभाराच्या चौथ्या हिस्स्याहून अधिक भाग काढू नये, आणि म्हाताऱ्या झाडाच्या बाबतीत त्याहूनही हात आखडता घ्यावा, हा आमच्या व्यवसायातील सर्वसाधारण दंडक आहे. परंतु पैसे देणारा माणूस वर पाहत नाही, तो खाली पडलेला ढीग पाहतो. ढीग लहान असला की त्याला फसवले गेल्यासारखे वाटते. काम देणारी संस्था असेल तर तिथे किती झाडे उरकली आणि किती गाड्या पाला वाहून नेला याची नोंद होते. किती जखमा टाळल्या याची नोंद होण्याची सोयच नसते.

या ढिगाच्या हिशेबातूनच झाडे बोडकी करण्याची रीत टिकून आहे. शेंडे आणि मोठ्या फांद्या मध्येच आडव्या तोडल्या की ढीग मोठा होतो, काम लवकर आटोपते आणि झाड आता आटोक्यात आले असे दिसते. पुढे काय होते ते मात्र आमच्याच वाट्याला येते. अन्न तयार करणारी पाने एकदम गेल्यामुळे झाड साठवलेल्या अन्नावर धुमारे फोडते. आजवर सावलीत असलेली साल उन्हाने भाजते, आणि तोडलेली खुंटे वरून खाली कुजू लागतात. ते धुमारे लाकडाच्या आतून आलेले नसतात. ते बाहेरच्या थरावर चिकटल्यासारखे असतात आणि खालचे लाकूड कुजत असतानाच दरवर्षी जाड व जड होत जातात. पाच-सात वर्षांत झाड पुन्हा पूर्वीइतके उंच होते, फक्त आता त्याची प्रत्येक फांदी कच्च्या सांध्यावर उभी असते. मग भीतीने पुन्हा बोलावणे येते आणि पुन्हा तेच केले जाते. ज्या कामाने पुढच्या कामाची गरज निर्माण होते त्याला सेवा म्हणायला माझी जीभ वळत नाही. आतल्या सगळ्या बारीक फांद्या साफ करून फक्त टोकांशी झुपके ठेवण्याचा प्रकारही याच जातीचा आहे. त्याने भार टोकाकडे सरकतो, वाऱ्याची ऊर्जा मधल्यामध्ये जिरवणारा पाला नाहीसा होतो आणि फांदी मोडण्याची शक्यता वाढते. मोकळे, स्वच्छ झाले म्हणून ग्राहक मात्र खूश असतो.

मी आतापर्यंत झाडाविषयी बोललो. चढणाऱ्या माणसाच्या जिवाविषयी वेगळे प्रकरण काढण्याची गरज पडत नाही, कारण दोरावर असताना झाडाची प्रकृती आणि आपला जीव या दोन गोष्टी वेगळ्या उरत नाहीत. इमारतीवर काम करणाऱ्याला पोलादी आकडा मिळतो. आम्हाला जे बेचके मिळेल तोच आमचा आधार. वजन बांधलेली बारीक दोरी उंच फेकून आधी ते बेचके गाठायचे, मग मुख्य दोर ओढून घ्यायचा आणि वर जाण्यापूर्वी दोघांनी मिळून त्यावर लोंबकळून पाहायचे, हा रोजचा क्रम असतो. दोराचे दुसरे टोक बुंध्याशी बांधून एकाच स्थिर दोरावरून चढले, तर वरच्या बेचक्यावर चढणाऱ्याच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार येतो, हे खालून पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. तुकडे दोराने खाली सोडताना तर हिशेब आणखी बदलतो. तीस सेंटिमीटर व्यासाचा आणि दोन मीटर लांबीचा ओला ओंडका सुमारे १२५ ते १४० किलो भरतो. तो कापाच्या खाली बांधलेल्या कप्पीवर पडून दोराने झटक्यात अडवला गेला, तर तोच ओंडका खोडाला त्याच्या वजनाच्या अनेक पट जोराने हिसका देतो, आणि त्याच खोडाला मी कमरेच्या पट्ट्याने बांधलेला असतो. हातातल्या करवतीची साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने फिरत असते, म्हणून करवत चालवताना दोन ठिकाणी बांधून घ्यायचे आणि त्यांतला एक पट्टा शक्यतो पोलादी तारेच्या गाभ्याचा ठेवायचा. ज्या झाडाच्या आतील लाकडाविषयी शंका आहे, तिथे यांतली प्रत्येक खबरदारी त्या शंकेइतकीच कच्ची असते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात असे तत्त्व आहे की गंभीर आणि तातडीचा धोका आहे असे सकारण वाटून जो कामगार काम सोडून बाजूला होईल, त्याला त्याची झळ लागू नये. ते तत्त्व मोलाचे आहे, आणि वीजवाहक तारांपासून किमान दहा फुटांचे अंतर राखण्यासारखे अमेरिकी मानकातील नियम किंवा चढण्याचे साहित्य दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून घेण्याचा ब्रिटनमधील १९९८ चा नियमही तितकेच मोलाचे आहेत. परंतु हे सगळे दोराचे, अंतराचे आणि माणसाच्या तत्काळ जिवाचे नियम आहेत. ‘ही फांदी कापताना मला धोका नाही, पण ती कापल्याने हे झाड पुढच्या माणसासाठी धोक्याचे होईल’ असे म्हणणाऱ्या माणसाला त्यांत जागा नाही. मला मात्र आयुष्यात सर्वाधिक वेळा नेमके हेच म्हणायचे होते. आज मी जे बेचके दुबळे करून उतरतो, त्याच बेचक्यावर सहा वर्षांनी दुसरा कोणीतरी विश्वासाने दोर टाकणार असतो. आणि त्याखालून मुले शाळेत जाणार असतात.

छोट्या कंपनीत हा नकार देणे अधिक अवघड असते, हे बाहेरच्यांना उलटे वाटण्याची शक्यता आहे. चार माणसांत तर सगळे मोकळेपणाने बोलता येईल, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात मोठ्या संस्थेत नकार कागदावर जातो आणि त्याचा तोटा कोणा एकाच्या खिशातून जात नाही. आमच्याकडे मालकच सकाळी गाडी चालवतात, पाला चिरण्याचे यंत्र चालवतात, संध्याकाळी नव्या कामांची रक्कम ठरवायला जातात. खांदा निकामी होईपर्यंत ते स्वतः चढत होते. मी वरून ‘हे होणार नाही’ म्हटले की त्यांचा दिवस बुडतो, भाड्याने आणलेल्या यंत्राचे पैसे अंगावर येतात आणि उद्याचे काम पुढे ढकलावे लागते, हे मला नुसते माहीत नसते, मी ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहत असतो. ज्याचे नुकसान होणार तो परका नसून आपला माणूस असतो तेव्हा जीभ जड होते. त्यामुळे मनातल्या मनात तडजोडी सुरू होतात. एवढ्याने काय होणार आहे, झाडे चिवट असतात, वगैरे. त्या दिवशी मीही स्वतःला हेच सांगितले होते. म्हणूनच हा नकार मैत्रीवर किंवा हिमतीवर सोडू नये, तो कागदावर आधीच मान्य झालेला असावा, असे माझे म्हणणे आहे; म्हणजे तो देताना कोणाचा विश्वासघात केल्यासारखे वाटणार नाही आणि बुडालेल्या दिवसाचे काय करायचे हेही आधी ठरलेले असेल.

प्रत्यक्षात हे कसे करता येईल? पहिली गोष्ट म्हणजे कामाच्या आदेशात काप लिहू नयेत, हेतू लिहावा. ‘घेर एकतृतीयांशाने कमी करावा’ हे वाक्य झाडाला अर्थहीन आहे. ‘छपरावर आलेल्या फांदीचा भार हलका करावा’ किंवा ‘पायवाटेवरील वाळलेल्या फांद्या काढाव्यात’ हे हेतू आहेत, आणि ते कोणत्या कापांनी साधायचे हे चढलेल्या माणसाने ठरवावे. पाहणीचे पैसे वेगळे आणि आधी मिळावेत, आणि पाहणीतून ‘काहीही करू नये’ असा निष्कर्ष निघाला तरी ते मिळावेत. आज हा निष्कर्ष काढणारी कंपनी उपाशी राहते, म्हणून तो निघत नाही. कामाचा मोबदला झाडामागे किंवा गाडीमागे न देता लागलेल्या वेळेच्या हिशेबाने द्यावा. आणि प्रत्येक करारात एक कलम असावे, की चढलेल्या माणसाने वर आढळलेल्या कारणासाठी काम थांबवले किंवा कमी केले, तर त्याने ते कारण छायाचित्रासह नोंदवावे, आणि त्या दिवसाचा खर्च ग्राहकाने द्यावा.

या अधिकाराला मी एक मर्यादा घालतो आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हा अधिकार एकाच दिशेने चालावा. चढलेल्या माणसाला थांबण्याचा आणि कमी कापण्याचा अधिकार असावा, ठरल्याहून जास्त कापण्याचा नसावा. न कापलेली फांदी उद्या कापता येते. कापलेली फांदी परत जोडता येत नाही. चढणारा दमलेला असू शकतो, त्याचा अंदाज चुकू शकतो, त्याला घरी जाण्याची घाई असू शकते, हे सगळे मला मान्य आहे. नकाराच्या बाजूने तो चुकला तर एक फेरी वाया जाईल. कापण्याच्या बाजूने चुकला तर झाड जाईल. जे झाड वाचवायचे म्हणून गेलो ते काढावेच लागेल असे वर आढळले, तर त्याने झाडाखालची जागा येण्याजाण्यासाठी बंद करून उतरावे आणि दुसऱ्या जाणकाराचे मत घेऊनच पुढे जावे.

यावर पहिला आक्षेप नेहमी खर्चाचा येतो. सर्वांत कमी रक्कम सांगणाऱ्याला काम देण्याची सवय असलेल्या संस्थांना हे सगळे महागडे वाटेल, आणि या अटी पाळणारी छोटी कंपनी न पाळणाऱ्यांपुढे टिकणार नाही, असेही म्हटले जाईल. ही शेवटची भीती खरी आहे, आणि म्हणूनच मी ही जबाबदारी कंपन्यांच्या चांगुलपणावर टाकत नाही. अट काम देणाऱ्याने घालायची आहे, म्हणजे ती सर्वांना सारखी लागू होईल. शिवाय कमी रकमेत काय काय कापले जाते तेही पाहावे. सर्वांत आधी कापला जातो तो खाली उभा असलेला दुसरा प्रशिक्षित चढणारा. वर माणूस बेशुद्ध होऊन पट्ट्यांत निश्चल लटकत राहिला तर पायांत रक्त साचून काही मिनिटांतच त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. अग्निशामक दलाची वाट पाहायला तेवढा वेळ नसतो. त्याला उतरवू शकणारा सहकारी, त्याचे साहित्य अंगावर चढवलेल्या स्थितीत, खाली हजर असला पाहिजे. स्वस्त कामात त्याच्या जागी पाला ओढणारा एखादा मुलगा असतो, ज्याला दोराची एक गाठही येत नाही.

दुसरा आक्षेप यंत्रांचा आहे. यंत्राने वर उचलल्या जाणाऱ्या पाळण्यातून काम केले तर चढण्याचीच गरज उरणार नाही, मग चढणाऱ्याच्या अधिकाराची चर्चा कशाला? काही झाडांसाठी पाळणाच हवा, यात मला शंका नाही. १९९० च्या दशकात पोलंडमध्ये पहिल्यांदा लक्षात आलेल्या आणि नंतर युरोपभर पसरलेल्या बुरशीच्या रोगाने तेथील अ‍ॅश वृक्षांचे लाकूड इतके ठिसूळ होते की त्यांवर चढणे टाळावे असेच आता सांगितले जाते. परंतु यंत्र झाडापर्यंत पोहोचण्यासाठी रुंद वाट आणि घट्ट जमीन लागते, त्याच्या चाकांखाली मुळांभोवतीची माती दबते, आणि दाट पर्णसंभाराच्या आत ते शिरत नाही. आणि ते शिरले तरी पाळण्यातही माणूसच उभा असतो. तोही जमिनीवरून न दिसलेले काहीतरी पाहणारच आहे. त्याच्या शब्दाला वजन असावे की नाही, हा प्रश्न तसाच राहतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत अधिक विचार करायला लावतो. चढणाऱ्याला असा अधिकार द्यायचा तर तो प्रशिक्षित आहे हे कोणीतरी ठरवले पाहिजे, म्हणजे परवाना आला, परीक्षा आली; आणि मग ज्यांनी कोणत्याही वर्गात न बसता वडीलधाऱ्यांच्या हाताखाली हे काम शिकले, जे लिहिण्यात मागे पण झाडाच्या बाबतीत कोणाहूनही पुढे आहेत, ते बाहेर फेकले जातील. मला पहिली गाठ ज्याने शिकवली तो असाच माणूस होता, आणि त्याने परीक्षेचा कागद पाहून काम सोडले असते. तरीही परवाना नको असे मी म्हणू शकत नाही, कारण खिळ्यांचे बूट घालून जिवंत झाडाच्या सालीत छिद्रे पाडत चढणारे आणि स्वतःला तज्ज्ञ म्हणवणारे लोकही मी तितक्याच जवळून पाहिले आहेत. मार्ग एकच दिसतो, परीक्षा झाडावर घ्यावी. हे अशक्य नाही. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर या झाडांची निगा राखणाऱ्यांच्या, १९२४ पासूनच्या संस्थेच्या पुढाकाराने १९७६ मध्ये वृक्षारोहणाची स्पर्धा सुरू झाली, आणि वर अडकलेल्या जखमी सहकाऱ्याच्या जागी ठेवलेल्या पुतळ्याला ठरावीक वेळेत सुखरूप खाली आणणे ही आज त्या स्पर्धेतील एक कसोटी आहे. उमेदवाराला लिहिता येते का, हे तिथे कोणी विचारत नाही. त्याच धर्तीवर परवान्यासाठी उमेदवाराला एका खऱ्या झाडावर पाठवावे, काम काय आहे ते तोंडी सांगावे, आणि सांगितलेल्या फांद्यांपैकी एक अशी ठेवावी की जी कापणे चूक ठरेल. तो वर जाऊन ती ओळखतो का, आणि ओळखल्यावर परीक्षकाला तसे सांगून ती न कापता खाली उतरतो का, एवढे पाहिले तरी पुरे.